चकतीवाले चाचा

एका जागी दहा मिनिटंही न बसता चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस उभ्या खानदेशात एकच झाला आणि तो आमच्या नंदुरबारात झाला, याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालायला येऊ नये. वाद घालण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नाही, हे एक. आणि ज्यांच्याबद्दल वाद घालायचा ते चाचा वाद संपेपर्यंत जागेवर थांबायचे नाहीत, हे दुसरं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन लाकडी खोकी होती, जुन्या टीव्हींसाठी मांडणी होती, पंख्यांसाठी भिंतीत खिळे होते. मालकासाठी खुर्ची नव्हती. उघडलेला रेडिओ हातात, पेचकस कानामागे आणि वायरचा तुकडा दातांत, अशा थाटात चाचा दुकानातून निघायचे आणि दुरुस्ती करत करत चालत राहायचे. गिऱ्हाईक मागून चालायचं. एकदा एका शाळामास्तरांचा ट्रान्झिस्टर घेऊन ते असेच चालत स्टेशनात शिरले आणि चालण्याच्या ओघातच फलाटावरच्या सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत चढले; मास्तर फलाटावरच राहिले. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत त्यांनी काम पुरं केलं. ट्रान्झिस्टर बोलायला लागला तेव्हा खिडकीबाहेर नवापूर आलं होतं. परत येताना विसरवाडीच्या फाट्यावर त्यांना ट्रकवाल्यांनी घेरलं. कुणाचा हॉर्न बिघडलेला, कुणाचा टेप. तिसऱ्या दिवशी चाचा नंदुरबारला उतरले ते दोन टेप आणि एक जिवंत कोंबडी घेऊन. मास्तर दुकानाच्या दारात हवालदिल होऊन उभे होते. चाचांनी ट्रान्झिस्टर त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ल्या सर. आते सुरतबी पकडस."

चाचा माझे नात्यातले कुणी नव्हेत. माझे बाबा मिरची मार्केटातल्या हमालांची संघटना बांधत हिंडायचे आणि दर मोर्चाच्या आदल्या दिवशी त्यांचा भोंगा बिघडायचा. तो चाचा दुरुस्त करून द्यायचे, इतकाच संबंध. आमच्या घरात फर्निचर कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांच्यावर झोपले आणि त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. इतर मुलं कमळ आणि खटारा यांच्यापासून सुरुवात करतात, मी कामगार आणि खबरदार यांच्यापासून केली. त्यामुळे मी जरा मोठी झाल्यावर चाचांनी मला नावच पाडलं होतं, हँडबिल, म्हणजे पत्रक. मी दुकानात पाऊल टाकलं की ते चालता चालता ओरडायचे, "उनी, मन्ही हँडबिल उनी! सांग, आज कोना मुर्दाबाद शे?"

आता त्यांच्या धंद्याबद्दल सांगते, कारण सगळं महाभारत त्याच्यावरूनच झालं. चाचा जुना माल घ्यायचे. मोबाईल, रेडिओ, मिक्सर, इस्त्री, पंखा, टॉर्च, ज्याच्यातून कधी काळी वीज गेली असेल असं काहीही. पण त्याच्या बदल्यात रोख रुपया त्यांनी कधी कुणाला दिला नाही. ते चकती द्यायचे. मेलेल्या टीव्ही-रेडिओंच्या आत जो हिरवा पत्रा असतो, तो ते नाण्याएवढा गोल कापायचे, कडा दगडावर घासायचे, मध्ये भोक पाडायचे आणि त्यावर सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, थेंब द्यायचे. एका थेंबाची चकती लहान, तीन थेंबांची मोठी. नाव नाही, सही नाही, तारीख नाही. चकती घेऊन जो येईल त्याने दुकानातला दुरुस्त केलेला माल न्यावा किंवा आपली वस्तू दुरुस्त करून घ्यावी. ही चकती हळूहळू दुकानाबाहेर चालायला लागली. शेजारचा चहावाला ती घ्यायचा, कारण त्याला कधी ना कधी चार्जर लागणारच. रिक्षावाले घ्यायचे, न्हावी घ्यायचा. मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर देठं खुडणाऱ्या बाया पदराच्या गाठीत नोटांबरोबर चकत्या बांधायच्या. एका इसमाने नकली चकती करून पाहिली. चाचांनी ती उन्हात धरली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थेंब बरा शे. पन देताना तुन्हा हात थरथरना." आणि त्या नकली चकतीवर त्याला खरी टॉर्च दिली. लाजेने तो माणूस पुन्हा त्या रस्त्याने गेला नाही. वाट वाकडी करून स्टेशनला जातो.

चाचांना तीन भाषा यायच्या आणि तिन्हींची कामं ठरलेली होती. दिवसभराचं सगळं अहिराणीत, रागावले की हिंदीत आणि खोटं बोलायची वेळ आली तर शुद्ध मराठीत. ती सरकारी भाषा आहे, तिच्यात कुणाला संशय येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वस्तूची किंमत मात्र ते कुठल्याच भाषेत करायचे नाहीत, नाकाने करायचे. मोबाईल उघडला की आधी हुंगायचे. "हाऊ लगनमा नाचेल शे," म्हणायचे, किंवा, "हाऊ दूधनी किटलीमा पडेल शे, खोटं नको बोलू." मिरचीच्या पथारीवरच्या बायांचा मोबाईल उघडला की त्यांना शिंका यायच्या. आमच्या गावात मिरचीची पूड हवेतच असते, ती मोबाईलच्या बारीक भोकांतून आत जाऊन बसते, तेव्हा शिंक येणं रास्त आहे. पण चाचांच्या हिशेबात दर शिंकेला एक चकती जास्त मिळायची. "आतमा मिरची शे म्हंजे मेहनतना माल शे," हे त्यांचं शास्त्र. एकदा मी बारकाईने पाहिलं. बाई थकलेली दिसली की चाचा मोबाईल नीट उघडायच्या आतच शिंकायला लागायचे.

उलट, धडधाकट वस्तू विकायला आलेल्या माणसाचं ते काही चालू देत नसत. एक गृहस्थ चांगला चालता फोन घेऊन आले, नवीन घ्यायचा म्हणून. चाचा विचारतात, "बोली ऱ्हायना ना?" ते म्हणाले, बोलतो. "ऐकू येस?" येतं. "मंग कसाले इकी ऱ्हायनात? तुमनी बायकोबी जुनी व्हयनी." गृहस्थ तावातावाने निघून गेले. असा माणूस धंदा काय करणार, असं आपल्याला वाटतं. पण घेतलेली वस्तूही चाचा लगेच उघडायचे नाहीत. ती वरच्या फळीवर जायची आणि तिथे निदान तीन महिने राहायची. का, तर माणसाचं मन बदलतं. रागाच्या भरात, गरजेत, दारूत, कशातही माणूस वस्तू देऊन टाकतो आणि मग त्याला ती हवी होते. तोपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. "आते इद्दतमा शे," चाचा हसून म्हणायचे. त्यांच्यात, मुसलमानांत, नवरा गेलेली किंवा काडीमोड झालेली बाई जी मुदत पाळते, ती मुदत. सातपुड्यातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, जाताना आपला बंद पडलेला फोन किंवा बॅटरी चाचांकडे देऊन चकत्या घेतात आणि होळीच्या आधी परत येतात. त्यांच्या वस्तूंची इद्दत तीन महिन्यांवर थांबत नसे, ते परतून येईपर्यंत चालायची. त्या फळीकडे पाहताना चाचा क्षणभर चालायचे थांबत.

मला हे सगळं गोड वाटायचं, आणि माझ्या तत्त्वांना यातलं काहीच पटायचं नाही. ज्याने वस्तू दिली त्याला मोबदला रोख मिळाला पाहिजे. मालकाने आपल्याच दुकानात चालणारं नाणं पाडून माणसाला आपल्याशी बांधून ठेवायचं, ही जुनी मालकशाहीची युक्ती आहे, हे मी गठ्ठ्यांवर बसून वाचलं होतं. मी चाचांशी भांडायचे. भांडण चालता चालताच व्हायचं. मी धापा टाकत मुद्दे मांडायचे आणि ते पंख्याचं पातं फिरवत ऐकायचे.

"चाचा, ही पिळवणूक आहे."

"कोनी?"

"तुम्ही करता ती! रोख का देत नाही?"

"रोख दिधी का मानूस निंघी जास. चकती दिधी का परत येस."

"म्हणजे तुम्ही त्यांना अडकवून ठेवता."

"हाव. आनि ते माले अडकाडी ठेवतस. तू नई येस का रोज? तुन्हाकडे तं चकतीबी नई."

मी जास्तच चिडायचे.

गेल्या हिवाळ्यात बसस्टँडजवळ एक झकपक दुकान उघडलं. काचेचा दरवाजा, आत गारेगार, आणि भिंतीत एक मशीन. जुना फोन किंवा लॅपटॉप त्या मशीनच्या तोंडात ठेवायचा, ते आतून बघतं, आणि आपल्या मोबाईलमध्ये कॉइन जमा होतात. नाणं म्हणायचं, पण हातात काही नाही. मी माझा कॉलेजातला लॅपटॉप तिथे दिला. हो, मी. चाचांकडे गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, बोलतोय ना, मग कशाला विकतेस. शिवाय कॉइनच्या आकड्यापुढे इतकी शून्यं होती की माझ्यातली पत्रकं वाचलेली मुलगी क्षणभर गप्प बसली. महिन्याभराने काही घ्यावं म्हणून मी मोबाईलमध्ये पाहिलं तर कॉइन गायब. मुदत संपली, असं इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी दुकानात धावले. तिथे भांडायला माणूसच नव्हता. दाराशी पगारावर उभा राहिलेला एक रखवालदार होता, तो बिचारा माझ्याहून वैतागलेला. मशीनने मला पुन्हा पुन्हा स्वागत असो म्हटलं.

त्या रात्री मी जे पत्रक लिहिलं ते, माझ्या तोंडाने सांगते, झकास होतं. "नंदुरबारकरांनो, जागे व्हा! घामाचा मोबदला कथलाच्या थेंबात? हवेतल्या आकड्यात? चकती असो वा कॉइन, खोटं नाणं परत करा! आपला मोबदला आजच मागा!" बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि एवढंच म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं आहे." मी ती स्तुती समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटपासून स्टेशनपर्यंत मी स्वतः पत्रकं वाटली. एक चाचांच्या दुकानातही टाकलं. ते कुठेतरी चालत गेले होते.

मशीनच्या हातात पत्रक देता येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कॉइनवाल्यांना शोधायला जाणार कुठे? पण चकती प्रत्येकाच्या घरात होती आणि चाचांचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत दुकानासमोर माणसं जमली. कुणी भांडायला आलं नव्हतं, हीच तर शरमेची गोष्ट. सगळे ओशाळलेले. चहावाल्याने त्याच्या चकत्या किटलीत भरून आणल्या होत्या आणि झाकण लावून उभा होता. रिक्षावाले एकमेकांना पुढे ढकलत होते. "मी नई मागत चाचा, घरमा बायको म्हनस," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता. गावातल्या समस्त बायकांनी त्या दिवशी एकाच वेळी तोंड उघडलं असावं. मी गर्दीच्या मागे उभी होते आणि, खोटं कशाला बोलू, पहिला अर्धा तास मला अभिमान वाटला. माझं पत्रक वाचून माणसं हलली होती!

चाचा दुकानाच्या आत-बाहेर करत होते. "ल्या भाऊ, ल्या, तुमनंच शे," म्हणत त्यांनी रेडिओ दिले, टॉर्च दिल्या, मिक्सर दिले. ज्याला जे हवं ते. एका चकतीला तीन चकत्यांची वस्तू गेली तरी ते बघत नव्हते. चहा मागवत होते, तोही चकत्या परत करायला आलेल्या चहावाल्याकडूनच. मांडणी रिकामी होत चालली तशी मागची माणसं कुजबुजायला लागली. तेव्हा चाचांनी दारात येऊन मोठ्याने सांगितलं, "कृपया कुणीही चिंता करू नये. दुकानात भरपूर माल आहे."

ते शुद्ध मराठीत बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फक्त वरची फळी उरली होती. डोंगरातल्या माणसांचे फोन, बॅटऱ्या, दोन-चार रेडिओ, प्रत्येकाला सुतळीने बांधलेला, नाव लिहिलेला कागदाचा तुकडा. खाली तरीही दहा-पंधरा माणसं हातात चकत्या धरून उभी होती. एकाने फळीकडे बोट दाखवलं. चाचा म्हणाले, "ते मन्हं नई." तो माणूस म्हणाला, "मंग हाई चकतीबी मन्ही नई का चाचा?" त्याने हे गरिबीने विचारलं, उद्धटपणे नाही. चाचा थांबले. अगदी थांबले, त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग खोक्यावर चढून त्यांनी फळीवरची एकेक वस्तू खाली काढली, सुतळ्या सोडल्या आणि वाटून टाकली. शेवटचा माणूस गेला. मी पुढे झाले तेव्हा ते कागदाचे तुकडे गोळा करून खिशात भरत होते. माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाले, "होली को वो लोग आएँगे. उनको क्या दूँगा मैं?"

बाबा त्या रात्री जेवताना म्हणाले, "ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं, त्याच्याविरुद्ध पत्रक काढणं सगळ्यात सोपं. मी तुला हे सांगायला हवं होतं." मी ताटावरून उठले.

मग मी दुसरं पत्रक काढलं. "जाहीर माफी" असा मथळा, खाली माझं पूर्ण नाव, आणि चकती हे विश्वासाचं नाणं कसं आहे यावर चार परिच्छेद. वाटण्याआधी चाचांना वाचून दाखवायला नेलं. ते रिकाम्या दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते, हातात काही नव्हतं. चाचांचे ते रिकामे हात बघवत नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिलं बरं व्हतं. त्यामा दम व्हता." मी रडकुंडीला आले. तर म्हणतात कसे, "अरे रडस काय? लिखनारनी लिखानं. पन हाई वाटू नको. माफीनं पत्रक वाचीसन कोनी रेडिओ परत आनस नई." आणि खरंच, कुणी आणला नाही. लोक पुढचे काही दिवस नजर चुकवून जायचे, मग नेहमीसारखे हात हलवून जायला लागले. गावाचं असंच असतं. गाव दुष्ट नसतं, त्याला फक्त घाई असते.

मी माझ्या परीने माल जमवायला लागले. ओळखीच्या घरांतून बंद पंखे, फुटके फोन मागून आणले. चाचांनी त्यातलं जे दुरुस्त होईल ते दुरुस्त केलं. पण आता जो तो रोख मागत होता आणि रोख देण्याइतका पैसा त्यांच्यापाशी कधी नव्हताच. होळी आठ दिवसांवर आली तेव्हा मांडणीवर तीन टॉर्च, एक इस्त्री आणि आवाज न येणारा एक रेडिओ होता. चाचांनी खिशातले ते कागद टेबलावर मांडून ठेवले होते आणि येता-जाता ते त्यांच्यावरून हात फिरवायचे.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी डोंगरातली माणसं परतायला लागली. गुजरातेतून येणारी गाडी नंदुरबारला थांबते, इथून धडगावची एसटी. त्या मधल्या दोन-तीन तासांत ती चाचांकडे येत. त्या दिवशी सकाळीच आली. आठ-दहा माणसं, डोक्यावर बोचकी, अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. सगळ्यांच्या पुढे एक पावरा आदिवासी बाई होती, पन्नाशीची असेल. तिच्या गळ्यातल्या चांदीच्या जुन्या नाण्यांच्या माळेत चाचांच्या तीन थेंबांच्या चकत्या ओवलेल्या होत्या. तिची लेक गुजरातेतच कारखान्यात राहिली होती, होळीला येणार नव्हती. तिच्याशी बोलायला फोन हवा, म्हणून दिवाळीपासून तिने त्या चकत्या राखून ठेवल्या होत्या. हे सगळं तिने दारात उभ्या उभ्या, पावरी मिसळलेल्या अहिराणीत एका दमात सांगितलं आणि मग आत पाहिलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडावंच तिने. ओरडली असती तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते, स्वतःच्या विरुद्ध.

चाचा तिच्यासमोर उभे राहिले. मराठी नाही, हिंदी नाही. "दुकान खाली शे, माय. तुन्हा जुना फोनबी मी दी टाका. इद्दतना माल व्हता, द्याना नई व्हता. पन दी टाका."

बाईने डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू पळी ग्या का?"

"नई."

"आमी पळी गयात का?"

"नई."

"मंग? खाली शे तं भरशी."

चाचा आपला स्वतःचा फोन काढून तिच्या हातात द्यायला लागले, तर तिने तो परत त्यांच्या खिशात कोंबला, जसं मोठी बहीण करते. "तुन्हा फोन आमी लिधा तं तुले कोन सांगी का भोंगऱ्याले ये?" मागची माणसं हसली. कुणीतरी पाणी मागितलं. मग त्यांनी तीन टॉर्च तेवढ्या घेतल्या, त्याही चाचांनी पायांत लोटांगण घालायचंच काय ते बाकी ठेवलं म्हणून, आणि बाकीच्या चकत्या तशाच गळ्यात, कमरेला, पागोट्यात ठेवून ती माणसं एसटी पकडायला गेली. ज्यांना फसवणुकीतून सोडवायला मी ते पत्रक लिहिलं होतं, त्यांच्यातल्या एकानेही चकती खोटी म्हणून परत केली नाही.

गावाने चकत्यांचा मोबदला मागितला तेव्हा चाचा खचले नव्हते. हे मात्र त्यांना सोसलं नाही. चार दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, असं चाची सांगत होत्या. घरातल्या घरात चालत होते. पाचव्या दिवशी त्यांनी हत्यारांची पिशवी भरली, ते कागदाचे तुकडे बरोबर घेतले आणि धडगावची एसटी धरली. मी स्टँडवर पोचले तेव्हा ते बसच्या दारात उभे होते. सीट रिकामी होती, पण बसतील तर ते चाचा कसले? "जेसनी मागं नई, तेसनं पहिलं द्यानं पडस," म्हणाले. ज्यांनी मागितलं नाही त्यांचं आधी द्यायचं, हा त्यांचा हिशेब. चकतीचा माल नाही तर नाही, चकतीचं काम देतो. पाड्यापाड्यांवर जाऊन ज्याचं जे बंद असेल ते चालू करून देतो आणि चकत्या गोळा करून आणतो. "पंधरा दिन," असं त्यांनी बोटांवर दाखवलं.

त्याला आता एक पावसाळा आणि एक दिवाळी उलटून गेली. चाचा मधून मधून दोन दिवस येतात, चाचींना भेटतात, शटर अर्धं वर करून आतली धूळ बघतात आणि पुन्हा जातात. काम संपत नाही, कारण त्यांचा स्वभाव संपत नाही. एका पाड्यावर दोन जुन्या चकत्या फेडल्या की तिथलं कुणी तरी सौरदिव्याची बंद बॅटरी, पुराच्या पाण्यात भिजलेला फोन आणून पुढ्यात ठेवतं, चाचा तो घेतात आणि त्याच्या बदल्यात नवी चकती पाडून देतात. मी फोनवर डोक्याला हात लावला. "चाचा, अशाने तुम्ही कधीच मोकळे होणार नाही." ते म्हणाले, "मोकळं व्हईसन काय करू?"

फोन करायचा तो त्यांनीच. ते मुक्कामाला असतात त्या पाड्यावर रेंज नाही. वरच्या अंगाला एक दगड आहे, त्याच्यावर उभं राहिलं तरच आवाज येतो. दर गुरुवारी ते त्या दगडावरून मला यादी सांगतात. "लिखी ले हँडबिल. सोल्डरनं रीळ, पंख्याना दोन कंडेन्सर, बारीक पेचकस." मी सामान घेऊन डब्यात बांधते आणि शुक्रवारी सकाळी धडगावच्या कंडक्टरच्या हवाली करते. यादीच्या अधेमधे ते मला पाड्यावरच्या खबरा देतात. त्या बाईच्या लेकीचा आवाज आता रोज त्या दगडावर येतो, कारण तिचा फोन त्यांनी चार तुटक्या फोनांतून एक करून दिला. मोहाची फुलं वेचणाऱ्यांच्या फोनला कुठला वास येतो, ते सांगतात. त्या पत्रकाबद्दल मात्र एक अक्षर बोलत नाहीत. मला ते जास्त लागतं. मी ओरडा खाऊन मोठी झालेली मुलगी आहे, मला माझ्या चुकीचा ओरडा हवा.

परवा मी धीर केला. यादी लिहून झाल्यावर म्हटलं, "चाचा, एकदाच सांगा. तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. कोंबडा आरवला, कुणीतरी लांबून हाक मारली. चाचांनी घसा साफ केला, "दख, हँडबिल..." म्हणून सुरुवात केली, आणि आवाज विरत गेला. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. काय झालं असेल ते मला दिसत होतं. बोलायचं महत्त्वाचं होतं, म्हणून ते चालायला लागले असणार, आणि दगड मागे राहिला असणार. उत्तर त्यांनी दिलंही असेल, सगळं, नीट, शेवटपर्यंत. पुढे कुठेतरी, उतारावर, जिथून इकडे काहीच ऐकू येत नाही.